उसन्या वेळेची घड्याळं

१९५०च्या दशकात अमेरिकेत बनलेलं, पोटात दिवा असलेलं एखादं जाहिरातीचं घड्याळ दिल्लीत आणावं, त्याला ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर जोडावा आणि बटण दाबावं. दिवा लागतो. फुगीर काचेवरची जाहिरात उजळते. सेकंदकाटा टिकटिक न करता सरकत सरकत फिरू लागतो. सगळं ठीक दिसतं. तासाभराने पाहावं तर घड्याळ दहा मिनिटं मागे. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाहावं तर चार तास मागे. तेल घाला, चाकं पुसा, काटे काढून पुन्हा बसवा. ते तासाला दहा मिनिटंच मागे पडत राहणार.

इतक्या शिस्तीत चुकणाऱ्या घड्याळात बिघाड नसतो. अमेरिकेतली वीज सेकंदाला ६० आवर्तनं करते, आपली ५०. या घड्याळाला लंबक नाही, केसासारखी स्प्रिंग नाही, क्वार्ट्‌झचा स्फटिक नाही. तारेतून येणारी आवर्तनं मोजायची आणि ६० झाली की एक सेकंद पुढे जायचं, एवढंच त्याला येतं. दिल्लीत ६० आवर्तनांना १.२ सेकंद लागतात. घड्याळ प्रामाणिकपणे मोजतं आणि प्रामाणिकपणे चुकतं.

म्हणून दिल्लीत अशी घड्याळं दुरुस्त करण्याचं काम घड्याळजीचं जेवढं, तेवढंच वायरमनचं आणि थोडंसं हिशेबनिसाचंही आहे. आणि ते नीट समजून घ्यायचं तर चांदणी चौकातल्या दुकानापासून कटवारिया सरायमधल्या वीज नियंत्रण केंद्रापर्यंत जावं लागतं. कारण या वस्तूची वेळ तिच्या पोटात नाहीच. ती रोज, दर सेकंदाला, विजेकडून उसनी घेतलेली असते.

०००

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. साधारण दीड फूट व्यासाचा पत्र्याचा किंवा ॲल्युमिनियमचा डबा, समोर काच, आत दोन-तीन बल्ब आणि मधोमध एक छोटी मोटर. काचेच्या आतल्या बाजूने आकडे आणि जाहिरात छापलेली. न्यूयॉर्क राज्यातल्या पॅम क्लॉक कंपनीची अशी घड्याळं संग्राहकांमध्ये विशेष प्रसिद्ध आहेत. शीतपेयं, बिअर, टायर, इंजिन ऑइल, बॅटरी, औषधं, जे विकायचं त्याचं नाव काचेवर. काही घड्याळांना एकापुढे एक अशा दोन फुगीर काचा असत. चित्र त्या दोन्ही काचांवर वाटून छापलेलं असल्याने दिवा लागला की अक्षरं हवेत तरंगल्यासारखी दिसत. संग्राहक त्यांना ‘डबल बबल’ म्हणतात आणि त्यांच्यासाठी चढी किंमत मोजतात. काहींच्या कडेने निऑनची नळी फिरवलेली असे.

यामागची व्यापारी अक्कल सरळ होती. भिंतीवरची पाटी माणूस एकदा वाचतो आणि विसरतो. घड्याळाकडे मात्र दिवसातून दहा वेळा बघतो. कंपनी दुकानदाराला घड्याळ द्यायची. दुकानदाराला फुकटात वेळ मिळायची आणि कंपनीला गिऱ्हाइकाची नजर. रात्री दुकानाच्या काचेतून तेच घड्याळ रस्त्यावर उजेड टाकायचं.

मात्र फुकट दिलेलं घड्याळ वेळ चुकवू लागलं तर काचेवरच्या नावाचीच बदनामी. चावी द्यायला विसरणाऱ्या दुकानदाराच्या हाती चावीचं घड्याळ देऊन चालणार नव्हतं. बॉस्टनजवळच्या ॲशलँड गावातल्या हेन्री वॉरेन नावाच्या अभियंत्याने हा प्रश्न सोडवून ठेवला होता म्हणूनच हा धंदा उभा राहू शकला.

वॉरेनने विजेच्या आवर्तनांशी पाऊल जुळवून फिरणारी छोटी मोटर बनवली. दिंडीतला वारकरी टाळाच्या ठेक्यावर पाऊल टाकतो तशी ही मोटर विजेच्या ठेक्यावर फिरते. ठेका संथ झाला की तीही संथ. पण तेव्हा विजेचा ठेकाच धड नव्हता. वीज कंपन्यांना दिवे लागल्याशी मतलब. आवर्तनं ५९ झाली की ६१, याची फिकीर कोणाला? वॉरेनची खरी हुशारी इथे दिसते. त्याने घड्याळं विकण्याआधी वीजघराला घड्याळ दिलं. त्या घड्याळाच्या एकाच तबकडीवर दोन काटे होते. एक अचूक लंबकाच्या जोरावर फिरायचा, दुसरा त्याच वीजघरात तयार होणाऱ्या विजेवर. दोन्ही काटे एकावर एक राहतील असं जनित्र चालवायचं, एवढंच कामगाराने करायचं. २३ ऑक्टोबर १९१६ रोजी बॉस्टनच्या एडिसन कंपनीच्या वीजघरात हे घड्याळ बसलं. त्या दिवसापासून वीज पुरवणारी कंपनी नकळत वेळही पुरवू लागली. पुढे ‘टेलिक्रॉन’ या नावाने वॉरेनची घड्याळं घराघरात पोचली आणि त्याच कुळातल्या मोटरी जाहिरातीच्या घड्याळांत शिरल्या.

ब्रिटनमध्ये १९२६च्या कायद्यानंतर राष्ट्रीय ग्रिड उभी राहू लागली, ५० आवर्तनांची. १९३०च्या दशकात स्मिथ्स कंपनीची ‘सेक्ट्रिक’ घड्याळं आली. ती मुळातच ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं, आणि दोनशेच्या वरच्या व्होल्टेजसाठी बनलेली. असं एखादं ब्रिटिश घड्याळ आज दिल्लीच्या जुन्या बाजारात सापडलं तर, कॉइल शाबूत असल्यास, ते विनातक्रार चालतं. भारताने ब्रिटिशांकडून रेल्वे घेतली, टपाल घेतलं, तशी ५० हर्ट्झचीही वहिवाट घेतली. त्यामुळे दिल्लीतल्या दुरुस्तीवाल्याने घड्याळ उघडण्याआधीच मागची पट्टी वाचायची असते. ‘६० सायकल’ लिहिलं असेल तर काम मोठं.

०००

दिल्लीत वीज आली १९०५ मध्ये. जॉन फ्लेमिंग नावाच्या इंग्रज कंपनीने लाहोरी गेटला २ मेगावॉटचा डिझेल संच बसवला. त्या काळात शहराची वेळ चांदणी चौकातल्या टाउन हॉलसमोरचं घंटाघर सांगत असे. हा नॉर्थब्रुक क्लॉक टॉवर १९५१ मध्ये कोसळला आणि मग पाडून टाकण्यात आला. लोक आजही त्या जागेला घंटाघर म्हणतात. रिक्षावाला बरोबर तिथेच नेऊन सोडतो, जिथे घड्याळ नाही.

घंटाघराची जागा विजेच्या घड्याळांनी घ्यावी अशी परिस्थिती मात्र पुढची पन्नास वर्षं आली नाही. कारण होतं आपली ग्रिड. विजेची मागणी निर्मितीपेक्षा वाढली की सगळ्या जनित्रांवर ताण येतो, ती किंचित मंदावतात आणि फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाची आवर्तनं, ५० च्या खाली घसरते. उलट मध्यरात्री मागणी पडली आणि जनित्रं तशीच चालू राहिली की ती वर चढते. भारतात १९९० च्या दशकापर्यंत हा आकडा ४८ च्या खाली आणि ५२ च्या वरही जात असे. कागदावर दोन अंकांचा फरक किरकोळ वाटतो. पण फ्रिक्वेन्सी दिवसभर ४९ राहिली तर विजेवर चालणारं घड्याळ २४ तासांत जवळजवळ २९ मिनिटं मागे पडतं. ४८.५ राहिली तर ४३ मिनिटं. अशा घड्याळावर विसंबून दिल्ली स्टेशनवर गाडी पकडायला निघालेला माणूस फलाटावर फक्त हमाल आणि कुत्री बघेल.

त्यात वीज जाणं. वीज गेली की हे घड्याळ थांबतं आणि आल्यावर, आपोआप सुरू होणारी मोटर असेल तर, मधला दीड तास झालाच नाही अशा थाटात पुढे चालू लागतं. बंद घड्याळ निदान बंद आहे हे दिसतं. चालू असलेलं चुकीचं घड्याळ जास्त घातक. टेलिक्रॉनने यावर एक छान उपाय केला होता. मध्येच वीज गेली की तबकडीवरच्या छोट्या खिडकीत लाल ठिपका दिसू लागे आणि घड्याळ पुन्हा लावेपर्यंत तो जात नसे. सुरुवातीच्या कित्येक ब्रिटिश घड्याळांनी तर दुसराच मार्ग धरला होता. वीज आल्यावर ती स्वतःहून सुरूच होत नसत. मागची कळ फिरवून त्यांना हाताने चालना द्यावी लागे. भारनियमनाच्या दिवसांत या दोन्ही युक्त्यांची कसोटी लागली असती.

म्हणूनच, मला वाटतं, भारतात जाहिरातीच्या घड्याळाने वेगळं रूप घेतलं. सिमेंट, खतं, पंप, औषधं विकणाऱ्या कंपन्यांनी वाटलेली सेलवर चालणारी प्लॅस्टिकची घड्याळं आपण खेडेगावच्या दुकानापासून डॉक्टरच्या दवाखान्यापर्यंत सगळीकडे पाहिली आहेत. उजेडाचं काम दुकानाबाहेरच्या ग्लो-साइन बोर्डाने घेतलं. वीज गेली तर बोर्ड विझे, पण घड्याळ चालू राही. अमेरिकेत एका डब्यात राहणारे दिवा आणि वेळ आपल्याकडे वेगळे झाले, आणि आपल्या परिस्थितीत तेच शहाणपणाचं होतं.

०००

ही परिस्थिती बदलली त्याची सुरुवात महाराष्ट्र ज्यात येतो त्या पश्चिम ग्रिडपासून झाली. १ जुलै २००२ रोजी तिथे ‘उपलब्धतेवर आधारित दर’ ही पद्धत लागू झाली. उत्तर ग्रिडमध्ये, म्हणजे दिल्लीत, त्याच वर्षी १ डिसेंबरला. तिची कल्पना विलक्षण होती. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडले. राज्याने ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढली तर जादा विजेचा दर त्या वेळच्या फ्रिक्वेन्सीवर ठरणार. फ्रिक्वेन्सी खाली असेल, म्हणजे देशाला विजेची चणचण असेल, तर दर चढा. वर असेल तर स्वस्त. ज्या आकड्यावर घड्याळाचा काटा फिरतो तोच आकडा राज्यांच्या खिशाला हात घालू लागला आणि ग्रिडला शिस्त लागली.

मग ग्रिड जोडल्या गेल्या. २००३ मध्ये पश्चिम ग्रिड पूर्वेशी, ऑगस्ट २००६ मध्ये उत्तर त्यांच्याशी. उरलेली दक्षिण ग्रिड ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर या ७६५ केव्हीच्या वाहिनीने जोडली गेली. सोलापूरच्या त्या जोडणीनंतर दिल्लीतल्या आणि चेन्नईतल्या घड्याळाचा काटा एकाच ठेक्यावर फिरू लागला. मध्ये ३० आणि ३१ जुलै २०१२ चे दोन दिवस मोठ्या अंधाराचे गेले. पहिल्या दिवशी पहाटे उत्तर ग्रिड कोसळली, दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशा तिन्ही. सुमारे ६० कोटी लोक ज्या पट्ट्यात राहतात त्याची वीज गेली. त्यानंतर मर्यादा आणखी आवळल्या गेल्या. २००९ मध्ये ४९.२ ते ५०.३ असलेली मुभा २०१४ पर्यंत ४९.९० ते ५०.०५ इतकी अरुंद झाली.

घड्याळाच्या भाषेत याचा अर्थ असा. दिवसभर फ्रिक्वेन्सी ४९.९० ला चिकटून राहिली तरी घड्याळ जेमतेम तीन मिनिटं मागे पडेल, ५०.०५ राहिली तर दीड मिनिट पुढे जाईल. प्रत्यक्षात फ्रिक्वेन्सी दोन्हीकडे झुलत असल्याने चुका बऱ्याच अंशी एकमेकींना खातात. देशाच्या विजेचा हा ठेका ज्या राष्ट्रीय भारप्रेषण केंद्रातून सांभाळला जातो ते दक्षिण दिल्लीत, कटवारिया सरायला आहे. आणि याच शहरात, पुसाच्या परिसरात, राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आहे, जिथली सीझियम घड्याळं भारतीय प्रमाणवेळ राखतात. तिथे सीझियम-१३३ च्या अणूच्या ९,१९,२६,३१,७७० आंदोलनांचा एक सेकंद. इथे विजेच्या ५० आवर्तनांचा. देशाच्या दोन वेळा एकाच शहरात तयार होतात आणि जुनं विजेचं घड्याळ यातल्या कमी अचूक वेळेशी बांधलेलं असतं.

ही बांधिलकी फक्त आपल्याकडची नाही. २०१८ च्या जानेवारी ते मार्चमध्ये युरोपात ओव्हन आणि रेडिओवरची घड्याळं हळूहळू सहा मिनिटं मागे पडली. सर्बिया आणि कोसोवो यांच्या वादात ग्रिडला ११३ गिगावॉट-तास वीज कमी मिळाली आणि सरासरी फ्रिक्वेन्सी ४९.९९६ वर आली. पोर्तुगालपासून पोलंडपर्यंत लोक उशिरा पोचले, ते बाल्कनमधल्या भांडणामुळे.

०००

दिल्ली परिसरात ही घड्याळं येतात ती बहुधा हौसेच्या वाटेने. सुंदर नगरची अँटिक दुकानं, अमर कॉलनीचा जुन्या फर्निचरचा बाजार, परदेशातून परतलेल्यांचं सामान, गुरुग्राममधल्या जुन्या अमेरिकी थाटाच्या कॅफेंची सजावट. तावडूच्या रस्त्यावर २०१३ मध्ये सुरू झालेल्या हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियमने जुन्या मोटारींच्या बरोबरीने त्या काळच्या रस्त्यावरच्या वस्तूही जपण्यासारख्या आहेत हे इथल्या लोकांना दाखवलं. शीतपेयांच्या वस्तूंना दिल्लीत आणखी एक ओढ आहे. कोका-कोलाची भारतातली पहिली बाटलीभरणी १९५० मध्ये दिल्लीतच सुरू झाली. १९७७ मध्ये कंपनी देश सोडून गेली आणि १९९३ मध्ये परतली. मधल्या सोळा वर्षांत इथल्या मुलांनी कॅम्पा आणि डबल सेव्हन प्यायलं. १९७७ पूर्वीचं कोका-कोलाचं लाल वर्तुळ इथे कुणासाठी लहानपण आहे, कुणासाठी ऐकीव गोष्ट.

हौस आली की नक्कलही येते. जनपथपासून ऑनलाइन दुकानांपर्यंत ‘व्हिक्टोरिया स्टेशन, लंडन, १७४७’ असं लिहिलेली पितळी दुहेरी घड्याळं विकली जातात. लंडनचं व्हिक्टोरिया स्टेशन १८६० मध्ये उघडलं. १७४७ मध्ये जगात प्रवासी रेल्वेच नव्हती. जाहिरातीच्या घड्याळांच्याही नव्या नकला आहेत. ओळखायला मागे बघायचं: बल्बचे होल्डर, जुनी वायर, व्होल्ट आणि सायकल लिहिलेली धातूची पट्टी. सेलचा खण दिसला तर घड्याळ एकतर नवं आहे किंवा त्याचं काळीज आधीच कुणीतरी काढलं आहे.

०००

आता दुरुस्ती. सुटे भाग मिळवायला लाल किल्ल्यासमोरचं लजपतराय मार्केट आणि जवळच असलेलं भागीरथ पॅलेस. पहिल्यात इलेक्ट्रॉनिक्स आणि घड्याळांचं सामान, दुसऱ्यात वायर, होल्डर, दिवे. भागीरथ पॅलेस म्हणजे एकेकाळची बेगम समरूची हवेली. तिच्या खांबांच्या आजूबाजूला आता वायरची भेंडोळी लोंबतात. २०२२ च्या जानेवारीत लजपतराय मार्केटमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये भागीरथ पॅलेसमध्ये मोठी आग लागली. सत्तर वर्षं जुनी वायर असलेलं घड्याळ घेऊन तिथे जाणाऱ्याने ते लक्षात ठेवलेलं बरं.

कारण पहिलं काम वायरचंच. जुन्या अमेरिकी घड्याळांची रबराची आणि कापडाची वेष्टणं बल्बच्या उष्णतेने बिस्किटासारखी कडक झालेली असतात. वाकवली की तुटतात आणि उघडी तार पत्र्याला टेकते. अर्थिंगची तिसरी वायर त्या काळी नव्हती. म्हणून घड्याळ आहे तसं लावून बघायचं नाही. आधी सगळी वायर बदलायची, पत्र्याला अर्थिंग द्यायचं आणि मग सिरीज बोर्डवर चाचणी घ्यायची. जुन्या इलेक्ट्रिशियनकडे ६० किंवा १०० वॉटचा तारेचा बल्ब यासाठी अजून जपलेला असतो. तो घड्याळाशी एकसरीत जोडायचा. बल्ब पूर्ण तेजाने पेटला तर आत शॉर्ट आहे. मंद राहिला किंवा लागलाच नाही तर पुढे जायला हरकत नाही. एलईडीच्या काळात त्या बल्बला दुसरं काम उरलेलं नाही, पण या कामाला पर्यायही नाही.

दुसरी फसगत ट्रान्सफॉर्मरची. बाजारात ‘स्टेप-डाउन’ म्हणून मिळणाऱ्या स्वस्त डब्यांमध्ये अनेकदा एकच वाइंडिंग असतं, त्यातूनच ११० व्होल्टचं टोक काढलेलं. मीटरवर ११० दिसतं. पण पिन उलटी लागली तर घड्याळाची एक तार जमिनीच्या मानाने २३० व्होल्टवर असते. हवा तो दोन वेगळ्या वाइंडिंगचा, आयसोलेशनवाला ट्रान्सफॉर्मर. आणि तोही ११० चा नको. ६० हर्ट्झसाठी बनलेली कॉइल ५० वर जास्त करंट ओढते आणि तापते. व्होल्टेज त्याच प्रमाणात खाली आणलं की ती निवांत राहते: १२० व्होल्टच्या मोटरला दिल्लीत १०० व्होल्ट पुरे.

कॉइल जळलीच असेल तर ती संधी समजावी. पंखे आणि मोटरी भरणाऱ्या वाइंडिंगवाल्याकडे जुन्या कॉइलचे वेढे मोजून घ्यायचे आणि नवे २.३ पट भरायचे, तितक्याच प्रमाणात बारीक तार घेऊन. हिशेब साधा आहे: २३० भागिले ५०, आणि १२० भागिले ६०; या दोन भागाकारांचं गुणोत्तर २.३ येतं. अशी भरलेली कॉइल ट्रान्सफॉर्मरशिवाय दिल्लीच्या सॉकेटवर चालते. तार केसाइतकी बारीक असल्याने पंख्याच्या वाइंडिंगला सरावलेले हात इथे कचरतात. पैसे जास्त देऊन, वेळ जास्त देऊन करून घ्यावं लागतं.

मोटर घरघरते पण फिरत नाही, ही सर्वांत नेहमीची तक्रार. टेलिक्रॉनचा रोटर एका बंद तांब्या-पितळेच्या डबीत असतो. आत मिनिटाला ३,६०० फेरे घेणारी हलकी चकती आणि तिचा वेग उतरवणारी चाकं, सगळी तेलात. सत्तर वर्षांत ते तेल गोंदासारखं होतं. हौशी लोक डबी मंद उष्णतेवर ठेवून तेल पातळ करतात. ते काही दिवस टिकतं. टिकाऊ उपाय म्हणजे बारीक भोक पाडून जुनं तेल धुऊन काढणं, नवं पातळ तेल इंजेक्शनच्या सुईने भरणं आणि भोक डाखाने बुजवणं.

काच हे वेगळंच दुखणं. रंग आतल्या बाजूला असतो, त्यामुळे बाहेरून चकचकीत दिसणारं अक्षर आतून पापुद्र्यासारखं सुटत असतं. दिल्लीची मे महिन्याची धूळ आणि जुलैचा दमटपणा दोन्ही तिथे जाऊन बसतात. काच साबणाच्या पाण्याने किंवा काच पुसायच्या फवाऱ्याने आतून पुसली की जाहिरात फडक्यावर येते. मऊ कोरडा ब्रश, तेवढाच फिरवायचा. रंग गेलाय तिथे नवा रंग भरण्यापेक्षा तसाच ठेवलेला बरा, असं माझं मत आहे. गेलेलं अक्षर प्रेक्षक मनाने पुरं करतो. रंग सुटण्याचं मुख्य कारण आतल्या बल्बची उष्णता असते. म्हणून बल्बच्या जागी पिवळसर उजेडाचे एलईडी लावणं ही मला मान्य असलेली एकमेव आधुनिक तडजोड आहे. पांढरे शुभ्र एलईडी लावले की तेच घड्याळ एटीएमच्या पाटीसारखं दिसतं.

निऑनची नळी फुटलेली असेल तर मात्र स्वतः हात लावू नये. तिथे हजारो व्होल्टचा खेळ असतो. नळी वाकवणारा, तिच्यातली हवा काढून वायू भरणारा कारागीर लागतो, आणि एलईडीच्या लवचिक पट्ट्यांनी निऑनची जागा घेतल्यापासून असे हात कमी होत चालले आहेत.

०००

सगळं झालं तरी ते दहा मिनिटांचं दुखणं उरतंच. बाजारातला पहिला प्रश्न तेव्हाच येतो: “मशीन डलवा लो ना?” मशीन म्हणजे सेलवर चालणारं क्वार्ट्‌झ यंत्र, चहा-सामोशाच्या भावात मिळणारं. काट्याचं भोक थोडं मोठं करायचं, मागे मशीन चिकटवायचं, झालं. घड्याळ राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या जवळपास वेळ दाखवू लागतं. आणि ते आता विजेचं घड्याळ राहत नाही. जुन्या डब्यात बसलेलं भेटवस्तूचं घड्याळ होतं. मोटर भंगारात जाते आणि पुन्हा कधी मिळत नाही.

दुसरा मार्ग छोट्या इन्व्हर्टरचा. मोटरला दोन-चार वॉटच लागतात. तेवढ्यासाठी स्फटिकाच्या आधारे नेमकी ६० हर्ट्झची वीज बनवणारं सर्किट डब्यात लपवता येतं. मोटर मूळची, चाकं मूळची, काटा सरकत फिरणारा, वेळ अचूक. उलट करता येणारा बदल म्हणून संग्राहक हा मार्ग पसंत करतात, आणि त्यात चूक नाही. फक्त वेळ आता ग्रिडची नसते, लपवलेल्या स्फटिकाची असते.

तिसरा मार्ग चाकांचा: मोटर ५० वर मंद फिरू द्यायची आणि पुढच्या चाकांचं गुणोत्तर ६:५ ने वाढवायचं, किंवा ५० हर्ट्झसाठीच बनलेला रोटर शोधायचा. तो शोधायला महिने लागतात. पण मग घड्याळ खऱ्या अर्थाने दिल्लीचं होतं. गुरुग्रामच्या सोसायटीत वीज जाऊन डिझेल जनरेटर लागला की ते थोडं पुढे पळतं, कारण कमी भारावर जनरेटरचं इंजिन ५० पेक्षा जास्त आवर्तनं देतं. घरच्या इन्व्हर्टरवर त्याची मोटर जरा कर्कश गुणगुणते. संध्याकाळी सगळे एसी एकदम लागले की त्याची चाल केसभर मंदावते.

पंचवीस वर्षांपूर्वी मी या तिसऱ्या मार्गाची शिफारस कुणाला केली नसती. दिवसाला अर्धा तास चुकणारं घड्याळ कोण भिंतीवर ठेवील? आज करतो. पहिल्यांदाच या देशातली ग्रिड विश्वास ठेवण्याजोगी वेळ देते आहे आणि ती वेळ काट्याने दाखवणारी वस्तू जवळपास कुणाकडे उरलेली नाही. आठवड्याला मिनिट-दोन मिनिटांची दुरुस्ती करावी लागली तर करावी. वॉरेनच्या काळात वीजघरातला कामगार हेच करत होता.

मार्ग कुठलाही निवडा, पण एक काम चुकवू नका. काढलेला प्रत्येक भाग, जळकी कॉइल आणि दात झिजलेलं चाकसुद्धा, कापडी पिशवीत घालून डब्याच्या आत बांधून ठेवा. सोबत कागदावर तारीख, किती व्होल्ट, किती हर्ट्झ, किती वेढे आणि कुठलं तेल हे मराठी, हिंदी, इंग्रजी ज्या भाषेत येईल त्या भाषेत लिहा. हे घड्याळ पुन्हा बंद पडणार हे नक्की आहे. तेव्हा ते उघडणाऱ्या माणसाला आपण काय केलं आणि का केलं, याचा अंदाज बांधत बसावं लागू नये.